तोंडी परीक्षा आणि बुजरी मुले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या तोंडी परीक्षा जवळ आल्या की गुणांची चर्चा सुरू होते; परंतु त्या परीक्षेच्या धास्तीने आठ-आठ दिवस आधीच ज्यांची झोप उडते, त्या मुलांविषयी फारसे कोणी बोलत नाही. सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत मी अनेक वर्षे मराठी शिकवले आहे. त्या मुलांची बाजू वाचकांपुढे यावी म्हणून हे पत्र.

दहावीला भाषा विषयांत ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. या २० गुणांत तोंडी परीक्षेचा वाटा असतो आणि अनेक ठिकाणी ती भरल्या वर्गात घेतली जाते. नाव पुकारले की फळ्यापाशी येऊन उभे राहायचे आणि दिलेल्या विषयावर बोलायचे. निबंधात पानेच्या पाने सुरेख लिहिणारी मुलगी अशा वेळी ओढणीच्या टोकाला गाठी मारत उभी राहते. तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, ओठ हलतात, पण आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोहोचत नाही. मागे खसखस पिकते. "घरी बोलतेस ना? मग इथे काय झाले?" असे शिक्षकांनी विचारले की उरलासुरला धीरही संपतो. पुढे पालकसभेत तिच्या आईला सांगितले जाते, "हुशार आहे हो, पण घुमी आहे." तो शिक्का मग शाळा सुटेपर्यंत पुसला जात नाही.

प्रत्येक लाजाळू मूल आजारी असते असे मला मुळीच म्हणायचे नाही. काही माणसे मितभाषी असतात आणि त्यात सुखी असतात. परंतु चारचौघांत आपले हसे होईल या भीतीने मूल परीक्षेच्या दिवशी पोट दुखल्याचे सांगून घरी राहू लागले, मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाणे टाळू लागले आणि हे महिनोन्‌महिने चालले, तर तो केवळ स्वभाव राहत नाही. मानसोपचारशास्त्र त्याला सामाजिक चिंतेचा विकार मानते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत १९८० साली त्याची स्वतंत्र नोंद झाली. हा त्रास बहुधा किशोरवयात सुरू होतो, म्हणजे नेमका आठवी ते दहावीच्या वर्गांत, आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर. घरात मात्र "मोठेपणी आपोआप सुधारेल" असे म्हणून विषय संपतो. मुलगी असेल तर तिचे कौतुकच होते, कारण ती उलटून बोलत नाही. आणि हीच मुलगी नोकरीच्या मुलाखतीत गप्प बसली की तोच गुण दोष ठरतो. हा दुटप्पीपणा मला अत्यंत अन्यायकारक वाटतो.

या भीतीचे काम कसे चालते हे समजून घेतले, तर रागावण्याचा निरर्थकपणा लक्षात येतो. एसटीत कंडक्टरकडे सुट्टे नसले की ते तिकिटाच्या मागे उरलेली रक्कम लिहून देतात. बुजरा मुलगा ते तिकीट मुठीत धरून प्रवासभर मनात वाक्य जुळवत राहतो, "काका, माझे वीस रुपये राहिलेत". आणि आपला थांबा आला की काही न बोलता उतरून जातो. उतरताक्षणी त्याला हायसे वाटते. हे हायसे वाटणेच घातक असते, कारण टाळले म्हणून सुटलो असा धडा मन गिरवते आणि पुढच्या वेळी भीती अधिक घट्ट होते. प्रत्यक्ष बोलावे लागले तरी त्याचे लक्ष समोरच्या माणसाकडे नसते. आपला हात थरथरतो आहे का, आवाज कापतो आहे का, याचाच पहारा तो करीत असतो, त्यामुळे समोरच्याने साधे स्मित केले तरी त्याला ते दिसत नाही.

यावर आपल्याकडचा ठरलेला उपाय म्हणजे १५ ऑगस्टला किंवा २६ जानेवारीला भाषण पाठ करून घेऊन मुलाला माइकसमोर उभे करणे. विहिरीत पोहायला शिकवताना आपण पाठीला डबा बांधतो, पण बोलायला शिकवताना थेट ढकलून देतो. पाठ केलेल्या भाषणाला ढाल मिळवणारी मुलेदेखील कंडक्टरकडे स्वतःचे पैसे मागताना अडखळतात, हे मी पाहिले आहे. आणि जे मूल दुसऱ्याच वाक्यावर अडकून रडत खाली उतरते, ते पुढे कित्येक वर्षे कोणत्याही व्यासपीठाच्या वाऱ्याला उभे राहत नाही.

गांधीजींचे उदाहरण येथे देण्यासारखे आहे. इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आल्यावर मुंबईच्या लघुवाद न्यायालयात ते आपल्या पहिल्या खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले. परंतु पाय कापू लागले, डोके गरगरू लागले आणि एकही प्रश्न सुचला नाही. दुसरा वकील पाहा आणि फी परत घ्या असे सांगून ते तेथून निघाले, असे त्यांनीच आत्मचरित्रात लिहिले आहे. पुढे १८९३ साली प्रिटोरियात तेथील भारतीयांच्या सभेत ते व्यापारातील सचोटीविषयी बोलले आणि ते आपले पहिले जाहीर भाषण मानता येईल, असे त्यांनी म्हटले आहे. त्या भाषणाची त्यांनी बऱ्यापैकी तयारी केली होती, समोरचे लोक आपले होते आणि विषय मनापासून महत्त्वाचा वाटत होता. संकोच त्यांच्या स्वभावातून पुरता गेला नाही. तरीही काम अडले नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी तर स्वतःवरच प्रयोग केला. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कमधील ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकांवर बसलेल्या सुमारे शंभर अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा नेम पाळला. भेटायला यायचे एकीनेच कबूल केले आणि तीही आली नाही. पण मनात रंगवलेले संकटही आले नाही, आणि भीती ओसरली. आपल्या मुलांना असा प्रयोग सांगणे अर्थातच उचित नाही. त्यामागचे तत्त्व मात्र एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत आले आणि मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे ते मराठी वाचकांनाही परिचित झाले: ज्याची भीती वाटते ते झेपेल एवढ्या प्रमाणात पुन्हा पुन्हा करावे आणि मनातला अंदाज खरा ठरतो का ते पडताळावे.

शाळेत हे करायला पैसे लागत नाहीत. हजेरीला मोठ्याने "हजर" म्हणणे, कार्यालयातून खडू मागून आणणे, एका मैत्रिणीला धडा वाचून दाखवणे, मग चौघींना, मग अर्ध्या वर्गाला, असा क्रम शिक्षक सहज लावू शकतात. तोंडी परीक्षेच्या वेळी उरलेला वर्ग वाचनालयात बसवून मुलांना जोडीजोडीने आत बोलावले, तर गुणांचा कस कमी होत नाही. उत्तर यायला वेळ लागला तर घड्याळाकडे न पाहता थांबावे; वाक्य मुलाऐवजी आपणच पूर्ण करू नये. आणि घुमा, मुखदुर्बळ, माणूसघाणा हे शब्द निदान त्याच्यासमोर तरी उच्चारू नयेत.

एवढ्याने भागत नसेल तर उपचार घ्यावेत, त्यात कमीपणा नाही. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचारांचा या विकारात चांगला उपयोग होतो. गरजेप्रमाणे डॉक्टर औषधेही देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेतून असे उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते. परंतु ज्याला फोनवर बोलण्याचीच भीती वाटते, त्याच्या हाती नुसता क्रमांक देऊन काय होणार? पहिला फोन आईवडिलांनी किंवा वर्गशिक्षकांनी मुलाला शेजारी बसवून लावावा. शिक्षण विभागाने हा क्रमांक प्रत्येक शाळेच्या सूचनाफलकावर लावण्याचे आणि तोंडी परीक्षा लहान गटांत घेण्याचे परिपत्रक यंदाच्या परीक्षांपूर्वी काढावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा