आधी पर्यायी ओटा, मग घण

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

घराची दुरुस्ती निघाली आणि स्वयंपाकघर बंद पडले, की त्या घरातली माणसे काय खातात, कुठे शिजवतात आणि भांडी कुठे घासतात, याचा विचार कामाचे अंदाजपत्रक करताना कोणीही करत नाही. ही बाब आपल्या वृत्तपत्रातून इंदूरकर वाचकांपुढे, आणि विशेषतः ठेकेदार मंडळी व गृहनिर्माण संस्थांचे पदाधिकारी यांच्यापुढे, मांडावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. पावसाळा सरत आला की दिवाळीच्या आत सगळे उरकावे या घाईने आमच्या सुदामानगरसारख्या जुन्या वसाहतींत घरोघरी तोडफोड सुरू होते. अंदाजपत्रकात ग्रॅनाइटचा भाव असतो, ट्रॉल्यांच्या बिजागऱ्या कोणत्या कंपनीच्या तेही असते. पण मधल्या काळात घरातल्या म्हाताऱ्या माणसाची पेज कुठे शिजणार, याबद्दल एक ओळही नसते.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे, ‘इंदुरात राहून खाण्याची कसली चिंता करता?’ आपल्या शहराच्या खाद्यपरंपरेचा मलाही अभिमान आहे. सकाळी पोहे-जिलबी, संध्याकाळी छप्पन दुकान ही खाऊगल्ली आणि रात्री सोन्याचांदीच्या पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांसमोर भरणारा सराफ्याचा खाऊबाजार, हे वैभव क्वचितच दुसऱ्या शहराला लाभले असेल. परंतु ते हौसेचे खाणे आहे, रोजचे जेवण नव्हे. आमच्या घरी सासूबाई ऐंशीच्या पुढच्या आहेत आणि यजमानांना मधुमेह आहे. एकीला मऊ, अळणी अन्न लागते आणि दुसऱ्याची गोळी जेवणाच्या वेळेशी बांधलेली असते. भंवरकुआच्या बाजूला शिकणाऱ्या मुलांसाठी घरगुती डबे देणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत आणि त्यांचे काम मोलाचे आहे. पण तो डबा तरुण मुलांच्या भुकेच्या हिशेबाने केलेला असतो आणि बहुतेक ठिकाणी महिन्याचे पैसे आगाऊ द्यावे लागतात. दुरुस्ती काढलेल्या कुटुंबांना आठवड्याच्या बोलीवर, कमी तेल-तिखटाचा डबा देण्याची सोय या भगिनींनी केली, तर त्यांनाही हक्काचे गिऱ्हाईक मिळेल.

मुळात हे काम किती दिवस चालते, याविषयी आपली फार मोठी दिशाभूल होते. ‘आठ-दहा दिवसांत किचन तयार’ असे सांगितले जाते. काँक्रीटच्या कामासाठीच्या भारतीय मानक 456 प्रमाणे साध्या पोर्टलंड सिमेंटच्या काँक्रीटला किमान 7 दिवस आणि राखमिश्रित सिमेंट वापरले असेल तर किमान 10 दिवस पाणी मारावे लागते; बाजारात आज मिळणाऱ्या बहुतेक पोत्यांत असे मिश्र सिमेंटच असते. भिंतीत झिऱ्या मारून नळाचे पाईप बसवले, की प्लास्टर करण्यापूर्वी त्यांत दाबाने पाणी भरून गळती पाहावी लागते. नंतर ते प्लास्टरही भिजवावे लागते. टाइल्स बसल्यावर दुसऱ्या दिवसाआधी सांधे भरता येत नाहीत. ग्रॅनाइटचे आणि ट्रॉल्यांचे माप तर भिंती पूर्ण झाल्यावरच घेतात, आणि माप दिल्यानंतर कारखान्यातून माल यायला काही आठवडे लागतात. म्हणजे स्वयंपाकघर बंद राहते ते काम चालू असल्यामुळे जितके, त्याहून अधिक ते थांबलेले असल्यामुळे. आमच्या ठेकेदाराने तर टाइल्स निवडून व्हायच्या आत, पहिल्याच दिवशी ओटा, सिंक आणि फडताळे असे सगळे एकदम पाडून टाकले आणि नंतर माणसे दुसऱ्या कामावर पाठवली. विचारले तेव्हा ‘एकदा मोकळे केले की काम सोपे जाते’ असे उत्तर मिळाले. सोपे कोणाला जाते, हा प्रश्न त्या उत्तरात नव्हता. तोडलेल्या स्वयंपाकघराचा भार घरातल्या बाईवरच पडतो, आणि ती निभावून नेते म्हणून तो कोणाच्या हिशेबात येत नाही.

यावरचा उपाय अगदी साधा आणि स्वस्त आहे, म्हणूनच त्याची टाळाटाळ अधिक खटकते. बऱ्याच खटपटीनंतर आमच्याकडे एका वयस्क मिस्त्रींनी तो करून दाखवला. मागच्या पडवीत मोरीला लागून त्यांनी विटांचे दोन कोरडे खांब रचले, त्यांवर जुन्या ओट्याची निघालेली कडप्प्याची फरशी आडवी ठेवली, एका टोकाला जुनेच स्टीलचे सिंक बसवले आणि प्लंबरने मोरीच्या नळाला जोड देऊन सिंकचे पाणी मोरीत सोडले. सिंकच्या तोंडाशी जाळी बसवली, त्यामुळे खरकटे मोरीत जाऊन तुंबण्याची भीती राहिली नाही. हे सारे एका सकाळीत झाले आणि नवीन साहित्य जवळजवळ लागले नाही. फरशी आणि सिंक आधी अलगद काढून घेऊन हेच काम घण उचलण्यापूर्वी झाले असते, तर बाथरूममध्ये उकिडवे बसून कुकर घासण्याची वेळ आमच्यावर आली नसती.

सुरक्षिततेचा भाग याहून गंभीर आहे आणि त्याबाबत मला आग्रहाने लिहावेसे वाटते. स्वयंपाकघर तुटले की अनेक घरांत सिलिंडर झोपण्याच्या खोलीत किंवा काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत नेला जातो आणि शेगडी जमिनीवर मांडली जाते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर न जाता जमिनीलगत साचतो, आणि शेजारच्याच खोलीत टाइल कापणाऱ्या कटरच्या ठिणग्या उडत असतात. शेगडी नेहमी सिलिंडरपेक्षा उंचावर हवी, सिलिंडर उभाच हवा आणि जागा अशी हवी की खालच्या बाजूनेही वारा खेळेल. जागा कमी असेल तर इंडेनचा 5 किलोचा ‘छोटू’ सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही; मात्र त्यालाही हेच नियम लागू आहेत. इंडक्शनकडे वळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की 2000 वॅटची शेगडी सुमारे 9 अँपिअर वीज ओढते आणि खोलीतला साधा सॉकेट 6 अँपिअरचा असतो. तिच्यासाठी 16 अँपिअरचा सॉकेट लागतो. एक्स्टेंशन बोर्डवर ती चालवणे म्हणजे जुन्या वायरिंगला आग लावण्याची तयारी करणे होय.

पाण्याचीही गोष्ट त्यातलीच. आपल्याकडे बहुतेक भागांत नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते आणि भिंतीवरचे शुद्धीकरण यंत्र तर आधीच उतरवलेले असते. अशा वेळी साठवलेले पिण्याचे पाणी धुळीपासून वाचवणे हे स्वतंत्र काम होऊन बसते. टाइल्स आणि ग्रॅनाइट यांच्या धुळीत सिलिका असते. ती अन्नावर बसते आणि फुफ्फुसांतही जाते. कापताना पात्यावर पाण्याची धार धरली तर ही धूळ पुष्कळच कमी होते. हा आग्रह केवळ आपल्या ताटासाठी धरू नये. अलीराजपूर, झाबुआ भागातले आदिवासी बांधव गुजरातेत क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस हा याच धुळीने होणारा फुफ्फुसांचा आजार घेऊन परतले, हे आपल्या प्रदेशाचे अलीकडचेच दुःख आहे. आणि आपल्या घरात कटर चालवणारा मजूर पुष्कळदा त्याच भागातून आलेला असतो.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की काम देताना कुटुंबांनी करारातच लिहून घ्यावे: पर्यायी ओटा, सिंक आणि विजेचा सॉकेट आधी तयार होईल, टाइल्स घरात येऊन पडतील, आणि त्यानंतरच जुना ओटा पाडला जाईल, पहिला हप्ताही त्यानंतरच द्यावा. ठेकेदारांनी ही अट म्हणजे अविश्वास समजू नये. गृहनिर्माण संस्थांचे आणि शहरातील आपल्या मराठी संस्थांचे सभागृह लग्नसराई व उत्सव सोडले तर बरेच दिवस रिकामे असते, आणि अनेक ठिकाणी त्याला लागून स्वयंपाकाची जागा, नळ आणि मोठे सिंक असते. ती जागा सकाळ-संध्याकाळ दोन-दोन तास, माफक शुल्क घेऊन, अशा कुटुंबांना वापरू द्यावी. त्यासाठी नवे बांधकाम लागत नाही. कार्यकारिणीच्या एका बैठकीत ठराव करून वेळा, शुल्क आणि साफसफाईची जबाबदारी ठरवली तरी पुरे. दिवाळीपूर्वीची कामे सुरू होण्याच्या आत संस्थांनी हा विषय बैठकीपुढे घ्यावा, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक,
सुदामानगर, इंदूर