मधुमेहींनो, आधी लघवी तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मधुमेहींच्या मूत्रपिंडाची हानी रक्तातल्या ‘ऑक्सिडाइज्ड’ (ऑक्सिजनच्या माऱ्यानं बिघडलेल्या) प्रथिनांवरून लवकर ओळखता येईल, ही आपल्या आरोग्य पुरवणीतली बातमी वाचली. विषय महत्त्वाचा आहे. पण तेव्हापासून राजारामपुरीतले ओळखीचे चार जण “ही तपासणी कुठं करून मिळते?” असं विचारून गेले. तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केल्यामुळे लोक मला विचारतात, म्हणून हे पत्र.

साखर सतत चढी राहिली की शरीरात ऑक्सिडीकरण वाढतं आणि त्याचा मार रक्तातल्या प्रथिनांवर बसतो. त्यातही अल्ब्युमिनवर जास्त, कारण रक्तद्रवात तेच सर्वाधिक असतं आणि त्याचा रेणू सुमारे तीन आठवडे फिरत राहतो. १९९६ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी डायलिसिसच्या रुग्णांच्या रक्तात अशी बिघडलेली प्रथिनं मोजली आणि त्यांना एओपीपी (‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑक्सिडेशन प्रोटीन प्रॉडक्ट्स’) हे नाव दिलं. पुढे मधुमेहींच्या रक्तातही ती वाढलेली आढळली. प्रोटीन कार्बोनिल ही याच कुळातली दुसरी मोजणी.

अडचण मोजण्यात आहे. एओपीपीचं रीडिंग नमुन्यातून ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सोडून घेतात. सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवात, ट्रायग्लिसराइड (चरबी) जास्त असेल तर ते रीडिंग उगाच चढतं. आणि साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहींचं दुधासारखं पांढुरकं सीरम मी टेस्ट ट्यूबमध्ये किती वेळा पाहिलंय, त्याची गणती नाही. नमुना नीट ठेवला नाही तर ट्यूबमध्येच ऑक्सिडीकरण चालू राहतं, ते वेगळंच. किती म्हणजे नॉर्मल, हेही अजून सर्वमान्य झालेलं नाही. मग अशा आकड्यावरून डॉक्टरांनी गोळी कशी ठरवायची?

हे मला घरातच बघावं लागलं. माझ्या थोरल्या भावाचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. दादांना बारा वर्षं साखर. दर महिन्याला उपाशीपोटी आणि जेवणानंतरची तपासणी, सगळे रिपोर्ट तारखेनं फाइलला लावलेले. त्या अख्ख्या फाइलीत लघवीतल्या अल्ब्युमिनचा एकही कागद नव्हता. मी लॅबमध्ये असून ती फाइल कधी उघडली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. दिवाळीला आले तेव्हा म्हणाले, “लघवीला फेस येतोय गं, साबण घातल्यागत. पण साखर कंट्रोलमधी हाय की.” पायावर मोज्याचा वळ उठला होता, घोट्यापाशी बोटानं दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

त्याच आठवड्यात एका लॅबच्या माणसानं त्यांच्या गळ्यात ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’चं महागडं पॅकेज मारलं, वर अँटिऑक्सिडंट कॅप्सूल. डॉक्टरांनी तो रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सकाळच्या पहिल्या लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) यांचं प्रमाण बघायला सांगितलं. मूत्रपिंडाची चाळणी बिघडली की रक्तातलं अल्ब्युमिन लघवीत गळतं. ते प्रमाण एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या आत हवं. ३०० च्या वर गेलं म्हणजे गळती मोठी. दादांचं ३०० च्या बरंच पुढं होतं.

कॅप्सूलबद्दलही सांगते. ऑक्सिडीकरण वाईट, म्हणजे अँटिऑक्सिडंट गुणकारी, असा हिशेब लोक मांडतात. ई जीवनसत्त्व मोठ्या चाचण्यांत देऊन पाहिलं, मूत्रपिंड वाचलं नाही. ऑक्सिडीकरणाला आवर घालेल म्हणून आणलेल्या बार्डोक्सोलोन या औषधाची मोठी चाचणी २०१२ मध्ये मध्येच थांबवावी लागली, कारण रुग्णांत हृदय निकामी होण्याचं प्रमाण वाढलं. उपयोगी पडतात त्या रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्या आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधं. त्यांच्या जेनेरिक गोळ्या आता मिळतात. पण त्या डॉक्टरांच्याच सल्ल्यानं घ्यायच्या. आणि गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणणं तर मधुमेहींनी बंदच करावं.

टाइप २ मधुमेह कळल्या दिवसापासून वर्षातून एकदा ही लघवीची तपासणी आणि रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर (मूत्रपिंड किती गाळतं त्याचा अंदाज), एवढं प्रत्येकाचं व्हायला हवं. फेस दिसेपर्यंत थांबू नये. सुरुवातीची गळती डोळ्यांना दिसत नाही, लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवरही बऱ्याचदा येत नाही. ताप किंवा लघवीचा संसर्ग असताना आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून वाढलेला आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करावा.

आपल्याकडे गणेशोत्सवात तालमी आणि मंडळं साखर तपासणीची शिबिरं घेतात. बोटाला सुई टोचून आकडा सांगितला की माणूस घरी जातो. यंदा त्या टेबलावर लघवीच्या छोट्या बाटल्याही ठेवाव्यात, ही माझी मंडळांना विनंती आहे. आपल्या पुरवणीनंही हे छापावं. नावं लिहून घ्यायला आणि बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला मी दहाही दिवस येऊन बसेन.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
राजारामपुरी, कोल्हापूर