आई-बाबा, सप्टेंबरात मी एडिंबराला चालले आहे

ती. सौ. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर बाबा "बरं, आईशी बोल" म्हणतात, आई "जेवलीस का" विचारते आणि मुद्दा तसाच राहतो. म्हणून लिहितेय. एडिंबरा विद्यापीठात वास्तुकलेच्या इतिहासाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करायला मी सप्टेंबरात जातेय. फी भरून झाली, ऑफिसात राजीनामा दिला. दादाला माहीत आहे. त्याच्यावर चिडू नका, मीच त्याला गप्प राहायला सांगितलं होतं.

आता आई म्हणेल, या वयात कसलं शिक्षण! बाबा काहीच म्हणणार नाहीत, चष्मा पुसत बसतील. ते जास्त अवघड.

पैशाचं आधी सांगते. कर्ज काढलेलं नाही. नेरूळचा फ्लॅट भाड्याने देतेय, त्यात हप्ता सुटतो, बाकीचं माझ्या शिलकीतून. तेव्हा बाबांनी गुपचूप बँकेत जाऊन एफडी मोडू नये. नाशिकच्या प्रकरणानंतर तुम्ही मला पैशाबद्दलच काय, कशाबद्दलच विचारलं नाहीत. ते मला कळत होतं, म्हणून आज न विचारता सगळं सांगतेय.

इतकी वर्षं मी ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, चरईतल्या जुन्या इमारतींच्या जागी नव्यांचे नकाशे काढले. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधकाम किती करता येतं, पार्किंग किती, विक्रीला फ्लॅट किती उरतात, हाच हिशोब. काम वाईट नव्हतं. गुडघे धरून तीन मजले चढणाऱ्या आज्यांना लिफ्ट मिळाली, त्याचं मला समाधान आहे. पण महापालिकेच्या नकाशात पाडायचं बांधकाम पिवळ्या रेघांनी दाखवतात, आणि एकदा पिवळं झालं की त्याबद्दल कुणी काही विचारत नाही. एका घराच्या जिन्याला सागवानी कठडा होता. पहिल्या मजल्यापर्यंत सुंदर वेलबुट्टी, त्यावर नुसत्या सरळ पट्ट्या. मालकाचे पैसे संपले, सुतार बदलला की भावाभावांत वाटणी झाली? मी मापं घेतली आणि निघून आले. त्या कठड्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मला आता हेच शिकायचंय: घर कुणी बांधलं, पैसे कुणी दिले, पुढे राहणाऱ्यांनी त्याचं काय केलं.

"देवळांचा अभ्यासच करायचा तर अंबरनाथ जवळ आहे," हे आईचं वाक्य मला आत्ताच ऐकू येतंय. आहेच. उत्तरेच्या दारावरचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, हे मला पहिल्यांदा बाबांनीच सांगितलं. गाभाऱ्यात उतरताना पायऱ्या ओल्या असायच्या आणि मी बाबांची करंगळी इतकी घट्ट धरायचे की ते वर आल्यावर हात झटकायचे. आठवतं ना? पण मला देवळांपेक्षा राहत्या घरांत रस आहे. आणि त्यासाठी विषय तर बेलापुरातच मिळाला.

आर्टिस्ट व्हिलेज तुम्ही बघितलंय, दादाच्या मित्राकडे बारशाला गेलो होतो तेव्हा. चार्ल्स कोरियांनी ते १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखलं. सात घरं एका अंगणाभोवती, आणि एकाची भिंत दुसऱ्याला लागत नाही, म्हणजे ज्याला जसे पैसे येतील तसं त्याने शेजाऱ्याला न विचारता घर वाढवावं. लोकांनी वाढवलं, भरपूर वाढवलं! बऱ्याच ठिकाणी मूळचं उतरतं छप्पर जाऊन वर मजले आणि ग्रॅनाइटच्या पायऱ्या आल्यात. माझ्या क्षेत्रातले लोक हळहळतात, कोरियांचं काम बिघडवलं म्हणून. मला तसं वाटत नाही. वाढवण्यासाठीच दिलेलं घर लोकांनी वाढवलं, यात बिघडलं काय? यावरच प्रबंध लिहायचा विचार आहे. म्हणजे त्या कामासाठी मला इकडे यावंच लागेल. हे आईने दोनदा वाचावं.

मग एडिंबराच का? बाबा, हे खास तुमच्यासाठी. तुमची उभी नोकरी मुंबईच्या ज्या जीपीओत, मुख्य टपाल कचेरीत गेली, ती इमारत जॉन बेग नावाच्या स्कॉटिश माणसाची. १९१३ साली पुरी झाली. विजापूरच्या गोलघुमटावरून घेतलेला तो पासष्ट फुटी घुमट, काळा बेसाल्ट, कुर्ल्याचा पिवळा दगड. सुट्टीत तुम्ही मला तिथे न्यायचात, स्टुलावर बसवायचात आणि मी मान दुखेपर्यंत वर बघायचे. घरी येताना तुमच्या बोटांना शिक्क्याच्या शाईचा वास असायचा. तर हा बेग पुढे मायदेशी परतला आणि १९२२ पासून एडिंबरा कॉलेज ऑफ आर्टमध्ये वास्तुकलेचा प्रमुख होता. ते कॉलेज २०११ साली विद्यापीठात विलीन झालं. मी तिथेच शिकणार आहे.

त्याच्याबरोबर इथे काम केलेला दुसरा स्कॉटिश माणूस जॉर्ज विटेट, गेटवे ऑफ इंडियावाला. तो १९२६ साली इथेच वारला, शिवडीच्या दफनभूमीत आहे. आईला शंका येण्याआधीच सांगते: मी बेगच्या गटातली. शिकायचं, काम करायचं, घरी परत यायचं.

तिसरा स्कॉटिश माणूस म्हणजे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस. एडिंबऱ्याच्या जुन्या, कोंदट वस्तीत बायकोसह राहायला गेला आणि ती सुधारली. पुढे १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला. त्याचं म्हणणं, जुन्या वस्तीतून सरळसोट रुंद रस्ता काढण्यापेक्षा फक्त नासलेला भाग काढावा. बाबांची छाती न उघडता अँजिओप्लास्टी केली, तसंच. नौपाड्यात हे कुणाला पटवून बघा!

राहायला विद्यापीठाची खोली आहे, हिटर आहे. डिसेंबरात तिथे दुपारी पावणेचारच्या सुमारास अंधार पडतो, हे आईला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. गरम कपडे तिथेच घेईन. व्हिसाबरोबर तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे भरलेत, आजारी पडले तर डॉक्टर आहे. मेतकूट आणि गोडा मसाला दे, लाडू मोजकेच. सामानाला वजनाची मर्यादा असते आणि तुझं "एवढंसं" मला माहीत आहे.

आता तुमचं. मंदाताई दोन्ही वेळा येणार आहेत, त्यांच्याशी बोलणं झालंय. आईने त्यांना "आज नको, मीच करते" म्हणून परत पाठवायचं नाही. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला घेतलेला नाही. बाबांच्या गोळ्यांचा वारांचा डबा दर रविवारी आईने भरावा, बाबांनी नव्हे. बाबा, गोखले रोड ओलांडताना हात दाखवला म्हणजे रिक्षा थांबते हा तुमचा समज आहे, सिग्नलवरूनच जा. दादा शनिवार-रविवार पुण्याहून येत जाईल. रात्री साडेआठला मी व्हिडिओ कॉल करीन, तेव्हा माझी दुपार असेल. आणि फोन कानाला लावू नका, समोर धरा. मला दर वेळी बाबांचा कानच दिसतो.

सोसायटीत पुनर्विकासाचा कुठलाही कागद आला तर सही करायची नाही. चहा पाजतील, गोड बोलतील, "सगळ्यांनी केली" म्हणतील. फोटो काढून मला पाठवा. कार्पेट एरिया, भाडं, कॉर्पस म्हणजे बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम, हे सगळं मी इतकी वर्षं समोरच्या, बिल्डरच्या बाजूने बघितलंय, कुठे काय लपवतात ते मला कळतं.

रागवा हवं तर, पण अबोला धरू नका. तुमची दोघांची काळजी वाटते म्हणूनच दोन वर्षांचा सोडून एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतला.

शनिवारी येते. नोव्हेंबरात बाबांचा हयातीचा दाखला द्यायचाय, तेव्हा मी नसेन. त्याचं अ‍ॅप येऊन तुमच्या फोनवर टाकून देते आणि चेहरा दाखवून कसं करायचं ते आईलाही शिकवते. आधार कार्ड आणि पेन्शनचा पीपीओ नंबर काढून ठेवा.

तुमची,
मनू