दिवेलागणी

सोलापूर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "अप्पा, पोरीला देवाचं काय आणि कसं शिकवू? आम्हा दोघांनाही वेळ नाही." माग चालू होता, खटखटाटात धड ऐकू येईना, म्हणून "बघू" म्हणालो. पण दोन दिवस तेच डोक्यात आहे, म्हणून लिहायला बसलो.

वेळेची काळजी करू नकोस. आपल्या सिद्धरामेश्वरांनी १२व्या शतकात या गावासाठी तळं खोदलं, ६८ लिंगं स्थापली. ही शरण, म्हणजे शिवभक्त माणसं कामालाच पूजा मानायची, त्याला 'कायक' म्हणायची. आणि संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी लागलेल्या जिच्या लग्नाच्या अक्षता आपण दर संक्रांतीच्या यात्रेत टाकतो, ती कुंभाराची पोर काय करायची? रोज त्यांच्या अंगणात सडा-रांगोळी, असं सांगतात. अरणचे सावतोबा तर मळा सोडून पंढरीलाही गेले नाहीत. आजही पंढरपूरहून विठ्ठलाचीच पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. तेव्हा लोकलमध्ये उभ्या उभ्या नाव घेतलंस तरी ते पोचतं.

मला सांगायचंय ते घराबद्दल.

तू पाळण्यात होतास तेव्हाची गोष्ट. एका खेपेला ताण्याचे धागे तुटले आणि माझं लक्ष नव्हतं. अकरा चादरींत मधोमध बारीक रेघ उमटली. घडी अशी घातली की रेघ आत जाईल, आणि गठ्ठा व्यापाऱ्याकडे पोचवून मोकळा झालो. हप्ता तोंडावर होता, दुसरं सुचलं नाही. संध्याकाळी तुझ्या आजीनं दिवा लावला. तिची रीत तुला माहीत आहे. शुभंकरोति झालं की प्रत्येकानं दिवसातली एक खरी गोष्ट देवाला सांगायची, मोठ्यानं. माझी पाळी आली आणि तोंडातून शब्द फुटेना. आजी काही बोलली नाही. नुसती वात पुढे सारली.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी गठ्ठा सोडवला, रेघ दाखवली, अकराही चादरी परत आणल्या. त्याचं बक्षीस वगैरे काही मिळालं नाही, बरं का. पुढचे दोन महिने त्या माणसानं काम दिलं नाही. तुझ्या आईनं उसनवारीवर घर चालवलं. त्या चादरी आपणच पांघरल्या. तुझ्या अंगावर होती तीही त्यातलीच.

दुसरी गोष्ट तुला आठवत असेल. चौथीत होतास. मागाजवळची कांड्यांची पेटी उलटली, म्हणून मी तुला मारलं. नंतर कळलं की पेटी माझ्याच धक्क्यानं पडली होती. तुझ्यासमोर माघार घ्यायला बाप म्हणून जड गेलं. पण दिवेलागणीला देवासमोर म्हणालो, "आज पोराला उगाच मारलं, चूक माझी होती." तू माझ्याकडे बघत राहिलास आणि हळूच सरकून मांडीला टेकलास.

त्या दिवशी मला उमगलं की या घरात मी सगळ्यात मोठा नाही. बापाच्या वरही कोणीतरी आहे, आणि बाप त्याला जाब देतो, हे पोरानं पाहिलं. नंतर कॉलेज बदलण्याचं असो की तुझ्या लग्नाचं, तू माझ्यापासून काही लपवलं नाहीस. मला वाटतं त्याचं मूळ त्या संध्याकाळीच आहे. मी काही फार शहाणा बाप नव्हतो.

म्हणून पोरीला स्तोत्रं पाठ झाली नाहीत तरी चालेल, हळूहळू होतील. पण तिच्यासमोर तुम्ही दोघं देवाशी खरं बोला. ऑफिसात कोणावर चिडलात, कोणाचं श्रेय घेतलंत, सूनबाईंना तोडून बोललास, तेही. मोठा निर्णय असेल तर पगार किती वाढणार हे बघाच, पण तो दिव्यासमोर मोठ्यानं सांगता येतो का, हेही बघा. घर घेताना काही रक्कम रोखीनं द्यायची म्हणत होतास, त्यावर मी तेव्हा काही बोललो नाही. आज सांगतो, नको.

यात्रेला या. सिद्धेश्वर एक्स्प्रेसची तिकिटं आत्ताच काढ, नंतर मिळत नाहीत. यात्रेत मिरवायच्या उंच नंदीध्वजांचा सराव सुरू झालाय, रात्री आवाज येतो. अक्षतेच्या दिवशी गर्दी फार असते, पोरीला मी खांद्यावर घेईन. "हर्र बोला हर्र" म्हणायला शिकवून ठेव. पांढरा फ्रॉक आण, आणि थंडी आहे, स्वेटर विसरू नका.

त्या संध्याकाळी दिवा तिलाच लावू दे. आजीचीच समई काढून घासून ठेवतो. काडी मात्र तू ओढ, तिचे हात अजून लहान आहेत.

तुझे,
अप्पा