शेजाऱ्याला धाक नको, भरवसा द्या

संपादक महोदय,

शेजारी देशांना ‘वठणीवर आणा’ ही भाषा हल्ली फार ऐकू येते. सीमेवर सैन्य सज्ज हवंच, त्यात दुमत नाही. पण मी वैजापूर तालुक्यातला कांदा उत्पादक. आमचा कांदा बांगलादेशात जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यात एकाएकी बंद झाली. पुढच्याच महिन्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत म्हणाल्या, आधी कळवलं असतं तर दुसरीकडून सोय केली असती. तरीही सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा तेच! माल भरलेले ट्रक सीमेवर अडकले. ताडपत्रीखाली कांद्याला कोंब फुटतात, गोण्यांना पाणी सुटतं; भाव इथे पडतो आणि शिव्या तिथे पडतात.

नेपाळचंही तसंच. एप्रिल २०१५ च्या भूकंपात आपली विमानं त्याच दिवशी मदत घेऊन पोहोचली. किल्लारी पाहिलेल्या मराठवाड्याला त्याचं मोल सांगायला नको. त्याच वर्षी भारत-नेपाळ सीमेवरच्या रक्सौल-बीरगंज नाक्यावर इंधनाचे टँकर रखडले. नाका अडवणारं आंदोलन नेपाळच्याच तराईतल्या मधेशी लोकांचं होतं, पण नेपाळी माणसाने दोष दिल्लीला दिला. मार्च २०१६ मध्ये नेपाळने चीनशी मालवाहतुकीचा करार केला.

केंद्राने निर्यातबंदीआधी शेजाऱ्याला आणि शेतकऱ्याला पुरेशी मुदत द्यावी. निघालेला माल तरी अडवू नये.

– एक कांदा उत्पादक, वैजापूर