दिसत नाही तो मार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लंडनमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी चालणाऱ्या मदतगटांविषयी आपल्या दैनिकात लेख आला, त्यावर एका वाचकांनी पत्र लिहून विचारले होते की, नवऱ्याच्या मारहाणीला कातडीचा रंग नसतो, मग मार खाणाऱ्या बायकांची रंगावरून वेगळी सोय कशाला लावायची? प्रश्न कुत्सितपणे विचारलेला नव्हता, आणि २०१३ साली लंडनला गेले तेव्हा मीही तो याच शब्दांत विचारला असता. तेथील नऊ वर्षांपैकी पाच वर्षे मी पूर्व लंडनमधील अशाच एका लहान गटात दर शनिवारी स्वयंसेविका म्हणून जात होते, म्हणून हे उत्तर लिहिते आहे.

उत्तराचा पहिला भाग शब्दशः कातडीचाच आहे. गोऱ्या अंगावर मार बसला की लाली उमटते आणि पुढे ती जागा काळीनिळी पडते, आणि मारहाण ओळखण्याची डॉक्टर-पोलिसांची नजर बहुतेक त्याच खुणांवर तयार झालेली असते. गडद त्वचेवर तोच मार सूज, ताठरपणा, हाताला लागणारी उष्णता किंवा भोवतालच्या रंगाहून किंचित गडद डाग एवढेच मागे ठेवतो, आणि ते पाहायचे तर उजेड तिरपा धरावा लागतो, विचारून हात लावून पाहावे लागते आणि दोन दिवसांनी पुन्हा फोटो काढावे लागतात. बाहेर खूण न दिसणाऱ्या माराला आपल्याकडे ‘मुका मार’ असा नेमका शब्द आहे. तेथे मात्र बाईचा रंगच तिचा मार मुका करून टाकतो. आमच्याकडे आलेल्या एकीच्या कागदांवर ‘दिसण्याजोगी इजा नाही’ अशी पोलिसांची नोंद होती. गटातल्या निवृत्त परिचारिकेने टेबलावरचा दिवा बाजूला वळवून तिच्या दंडावरची सूज दाखवली, तेव्हा कोठे ती मला दिसली. मी स्वतः सावळी, तरीही तोवर दिसली नव्हती.

मी तेथे असतानाच, ३१ मार्च २०१४ रोजी, हॅकनी भागात व्हॅलेरी फोर्ड आणि तिची २२ महिन्यांची मुलगी जहझारा यांचा व्हॅलेरीच्या माजी जोडीदाराने खून केला. सहा आठवड्यांपूर्वीच तिने पोलिसांना सांगितले होते की, आम्ही आत असताना घर पेटवून देण्याची धमकी हा माणूस देतो आहे. पोलिसांनी ही धमकी मालमत्तेला असलेला धोका म्हणून नोंदवली. माणसे आत असलेल्या घराची धमकी कागदावर नुसत्या घराची कशी होते, हे मला आजही उलगडलेले नाही.

या खुनांनंतर आफ्रिकन आणि कॅरिबियन वंशाच्या स्त्रियांसाठी ‘सिस्टा स्पेस’ ही संस्था हॅकनीत उभी राहिली. कृष्णवर्णीय पीडितेच्या खुणा, तिची भाषा आणि तिची भीती ओळखण्याचे प्रशिक्षण पोलिसांना आणि सरकारी यंत्रणांना सक्तीचे करावे, यासाठी तिने ‘व्हॅलेरीज लॉ’ या नावाने मागणी लावून धरली. अर्जावर एक लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि मार्च २०२२ मध्ये संसदेत चर्चाही झाली, पण सरकारने सक्ती मान्य केली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात या संस्थेच्या संस्थापक न्गोझी फुलानी बकिंगहॅम राजवाड्यातील समारंभाला गेल्या असता, ‘पण तुम्ही मुळच्या कुठल्या?’ असे त्यांना पुन्हा पुन्हा विचारले गेले, आणि ती बातमी जगभर छापून आली. तो समारंभ स्त्रियांवरील हिंसाचाराच्या विषयावर होता, हे किती जणांच्या लक्षात राहिले असेल, कोण जाणे.

पोलिसांकडे या बायका आधी का जात नाहीत, हाही प्रश्न ओघाने येतोच. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या वर्णद्वेषी खुनाच्या प्रकरणानंतर १९९९ च्या मॅकफर्सन अहवालाने लंडनच्या पोलीस दलावर संस्थात्मक वर्णद्वेषाचा ठपका ठेवला, आणि २०२३ च्या केसी अहवालाने तो पुन्हा ठेवताना स्त्रीद्वेषाचाही ठेवला. ज्या दलाच्या गाडीत बसवलेला आपला भाऊ किंवा मुलगा धड परत येईल याची खात्री नाही, त्याच दलाला आपल्याच घरातल्या पुरुषासाठी बोलवायचे, हे बाईला फितुरीसारखे वाटते. शेजारपाजार आणि चर्च ते तसे बोलूनही दाखवतात. त्यात ‘आमच्या बायका खंबीर, त्या सोसतात’ हे कौतुक तिच्या गळ्यात पडलेले असते. सोसणाऱ्या बाईची थोरवी गाण्यात आपणही मागे नाही, त्यामुळे हे मला कोणी समजावून द्यावे लागले नाही.

आमचा गट एका चर्चच्या तळघरातील दिवाणखान्यात भरे. आम्ही सात जणी होतो: परिचारिका, बस चालवणारी एक, कायद्याची एक विद्यार्थिनी, दोन शिक्षिका, केस गुंफून देणारी एक कारागीर आणि मी. काम फोन घेण्याचे, वकिलाकडे किंवा घर मागायला पालिकेच्या कार्यालयात सोबत जाण्याचे, आणि नवऱ्याला ठावठिकाणा कळू नये म्हणून मोबाइलमधील सेटिंग्ज बदलून देण्याचे. त्याखेरीज आम्ही पिशव्या भरत असू. निवारागृहात पोचलेल्या बाईला तेथे साबण, शाम्पू आणि बारीक दातांची फणी मिळे. तिच्या दाट, कुरळ्या केसांत ती फणी शिरतही नसे, आणि अंगावरच्या कपड्यानिशी निघालेल्या बाईला आपले केसही कोणाच्या हिशेबात नाहीत हे पहिल्याच रात्री कळे. आमच्या पिशवीत रुंद दातांचा कंगवा, शिया बटर, झोपताना डोक्याला बांधायचा सॅटिनचा रुमाल, आणि रिडली रोडच्या बाजारातून आणलेली हिरवी केळी आणि याम असे. हा याम आपल्या कोनफळाच्याच जातीचा. मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा उंधियोची आठवण झाली होती.

खरी किल्ली मात्र गटातल्या त्या केस गुंफणारीकडे होती. बारीक वेण्या घालायला चार-पाच तास लागतात, आणि तेवढा वेळ बाई पाठमोरी बसलेली असते, कोणाच्या डोळ्यांत पाहावे लागत नाही. टाळूवर केस उपटल्याची जागा बोटांना लागे, पण केस गुंफणारी काही विचारत नसे. तेथे वेणी जरा सैल घालून पुढे जाई. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या तासाला समोरची आपण होऊन बोलू लागे. पन्नास प्रश्नांच्या सरकारी अर्जाने जे बाहेर येत नाही, ते या खुर्चीत बाहेर आलेले मी अनेकदा पाहिले आहे.

वेगळ्या सोयीने समाजात फूट पडते, हा पत्रलेखकांचा दुसरा मुद्दा. नेमका हाच युक्तिवाद पश्चिम लंडनमधील ईलिंग पालिकेने केला होता. तेथील ‘साउथॉल ब्लॅक सिस्टर्स’ ही संस्था १९७९ साली आशियाई आणि आफ्रो-कॅरिबियन स्त्रियांनी मिळून काढली. तेव्हाच्या चळवळीत ‘ब्लॅक’ या शब्दात आपणही येत होतो. सर्वांसाठी एकच सेवा हवी, असे म्हणून पालिकेने तिचे अनुदान काढून घेण्याचा घाट घातला, तेव्हा २००८ साली प्रकरण उच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच पालिकेने माघार घेतली, आणि समानतेसाठी कधी कधी विशेष तरतूदच करावी लागते, ती एकोप्याच्या आड येत नाही, असा निर्वाळा न्यायमूर्तींनी दिला. याहून सरळ उत्तर माझ्यापाशी नाही.

पण पत्रलेखकांनी न विचारलेला एक प्रश्न मला अधिक छळतो. लेखात स्वयंसेविकांच्या त्यागाचे गुणगान होते, आणि ते वाचून मी संकोचले. बस चालवणाऱ्या बाईंची पाळी बदलली आणि विद्यार्थिनीची परीक्षा आली, त्या वर्षी आमचा फोन सलग पाच शनिवार कोणी उचलला नाही. त्या पाच शनिवारी कोणी फोन केला असेल, ते आम्हाला कधीच कळणार नाही. जे ज्ञान पोलिसांकडे असायला हवे, ते सात बायकांनी सुट्टीच्या दिवशी फुकट पुरवावे, ही व्यवस्था कौतुकाची नसून लाजेची आहे. अशा गटांना पगारी माणसे ठेवता येतील इतके पैसे मिळावेत आणि प्रशिक्षण सक्तीचे व्हावे, या दोन्ही मागण्या म्हणूनच एकत्र वाचल्या पाहिजेत.

‘आपल्याला काय त्याचे’ असे वाटणाऱ्यांसाठी एक माहिती. जोडीदाराच्या व्हिसावर ब्रिटनला गेलेल्या बाईला सरकारी मदतीचा हक्क नसतो, त्यामुळे मार खाऊन घर सोडले तर तिला निवाराही मिळणे कठीण. या कारणाने लग्न मोडल्यास तीन महिन्यांची मुदत आणि तेवढ्या काळापुरता सरकारी मदतीचा हक्क देणारी सवलत २०१२ पासून आहे, आणि त्यासाठी साउथॉलच्या याच ‘ब्लॅक’ भगिनींनी वर्षानुवर्षे लढा दिला. ठाण्या-पुण्याहून लग्न होऊन जाणाऱ्या मुलींच्या सामानात लोणच्याच्या बरण्या भरताना ही गोष्टही कोणी सांगत असेल, असे मला वाटत नाही. निदान मला कोणी सांगितली नव्हती.

गटातील स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी माझे नाव छापू नये, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे