आज रात्रीपर्यंतची सवलत

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, काल तू पाठवलेलं तुझ्या लग्नाच्या त्या फोटोग्राफरचं कोटेशन मी आणि बाबांनी वाचलं. १,८०,००० रुपयांचं पॅकेज, आज रात्री बारापर्यंत पैसे भरले तर पंधरा हजारांची सूट, आणि भरायचे किती, तर सत्तर टक्के. फोटो सुरेख आहेत, त्यात वाद नाही. पण पैसे पाठवू नकोस, निदान हे वाचून होईपर्यंत तरी. फोनवर सांगितलं की तू नुसतं ‘हो आई, हो आई’ करतेस, म्हणून लिहूनच पाठवते आहे.

सगळीच घाई खोटी नसते. तुळशीची लग्नं लागली की मुहूर्त मोजकेच, आणि एकेका मुहूर्ताला पुण्यातली सगळी लॉन्स भरलेली. त्यामुळे लॉनवाला ‘दोन दिवसांत सांगा’ म्हणाला तर त्यात तथ्य असतं. फोटोग्राफरलाही ती तारीख एकदाच विकता येते, हे कबूल. पण तारीख धरून ठेवायला दहा-वीस टक्के इसार पुरतो. सत्तर टक्के मागणारा तारीख अडवत नाही, तुला अडवतो.

बँकेच्या कर्जखात्यात नोकरी केल्यामुळे मला एक सवय लागली आहे. समोरचा माणूस चांगला की वाईट, हे मी आधी बघत नाही. शब्द मोडायची वेळ त्याच्यावर आली तर ती नेमकी कधी येईल, आणि तेव्हा पैसे कोणाच्या हातात असतील, हे बघते. लग्नातल्या प्रत्येकाची ती वेळ वेगळी असते. फोटोग्राफरची लग्नानंतर येते, कारण अल्बम नंतर मिळतो. केटररची त्याच रात्री, हिशेबाला बसल्यावर. लॉनवाल्याची डिपॉझिट परत करताना. आणि मेकअपवालीची लग्नाच्या सकाळी, जेव्हा ट्रायल घेणाऱ्या ताई येत नाहीत आणि त्यांची असिस्टंट ब्रश घेऊन दारात उभी राहते. (तिच्याकडून ‘मी स्वतः येईन’ एवढं लिहून घेतलंस की त्या खात्याची काळजी संपली.)

म्हणून फोटोग्राफरचा संदर्भ घेशील तो मागच्या महिन्यात लग्न झालेल्या जोडप्याचा नको. ते अजून खुशीत असतात, त्यांना अल्बमची आठवणही आलेली नसते. वर्षापूर्वी लग्न झालेलं जोडपं शोध. कसे होते हो, असं मोघम विचारलंस तर सगळे छानच म्हणतील. अल्बम कोणत्या महिन्यात हातात आला आणि ठरल्यापेक्षा वर किती द्यावे लागले, हे दोन प्रश्न विचार. त्याच्या पानावरचे निवडक फोटो बघून काही ठरवू नकोस. एकाच लग्नाचे सगळे फोटो बघायला माग, हळदीच्या भर दुपारच्या उन्हापासून रात्रीच्या वरातीपर्यंत. पिवळ्या दिव्यांच्या कार्यालयात आजीचा चेहरा कसा आलाय, तिथे खरं कौशल्य कळतं. त्यातले दोन-चार फोटो गूगल लेन्सवर टाकून बघ. दुसऱ्याच कोणाच्या पानावर तेच फोटो निघाले तर विषय तिथेच संपला. आणि हे नक्की विचार: त्या तारखेला तुमची आणखी किती लग्नं आहेत, आणि आमच्याकडे कॅमेरा कोणाच्या हातात असेल? मोठं नाव बघून आपण ठरवतो आणि प्रत्यक्षात रोजंदारीवर आलेली मुलं येतात. मुलं वाईट असतात असं नाही, पण त्यांचं काम बघून ठरवायचा हक्क आपला. पैशांचं म्हणशील तर इसार, लग्नाच्या आठवड्यात एक हप्ता, आणि पंचवीस-तीस टक्के अल्बम हातात आल्यावर. याला तो साफ नाही म्हणाला तर दुसरा बघू.

ड्रोनबद्दल एक. अडीचशे ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर चालवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं, आणि लोहगावच्या विमानतळाच्या आसपास तर प्रमाणपत्र असूनही परवानगीशिवाय उडवता येत नाही. तू बघितलेलं एक लॉन त्याच बाजूला आहे. ‘कुठेही उडवतो, काही होत नाही’ म्हणणारा बाकीच्या बाबतींतही तसाच वागत असणार, असं मी धरून चालते.

आता केटरर. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण लोक लग्नाचं दुसरं काही लक्षात ठेवत नाहीत.

टेस्टिंगला बोलावतील, जा, खा, पण त्यावर निर्णय घेऊ नको. चार माणसांसाठी केलेली मसालेभाताची प्लेट कोणालाही साधते. त्यांचं दुसरं एखादं कार्य असेल त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, आधी विचारून, त्यांच्या भटारखान्यात डोकावून ये. पाणी कुठून येतंय, भांडी कुठे घासली जातायत, आचारी तेच आहेत का ज्यांचं नाव आपल्याला सांगितलंय. गॅसच्या टाक्यांकडेही बघ. धंद्यासाठीची टाकी १९ किलोची, निळी असते, घरची १४.२ किलोची, लाल. रांगेने लाल टाक्या लावलेल्या दिसल्या तर समज की हा माणूस घरगुती गॅसवर धंदा करतो, जे बेकायदा आहे. मग तेल कुठलं वापरतो हे विचारायची गरज नाही.

एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यसुरक्षेचं बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, परवाना त्यांच्या बिलावर आणि किचनमध्ये लावलेला असायला हवा. त्याचा क्रमांक चौदा आकडी असतो. त्याच संस्थेच्या फॉसकॉस या साइटवर टाकलास की नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, ते समोर येतं. नाव भलतंच निघालं किंवा परवाना चालू नसला तर विचार. कधी कधी कागदपत्रांचं काम रखडलेलं असतं आणि माणूस तसं सरळ सांगतो, ते चालेल. चिडला तर नाही चालणार.

आणि ताटांची मोजणी. तुझ्या मावसभावाच्या लग्नात रात्री अकरा वाजता हिशेबाला बसले तेव्हा केटरर म्हणाला साडेसातशे ताटं उठली, आणि आपली माणसं म्हणत होती सहाशेच्या वर जाणं शक्य नाही. कोणाकडेच पुरावा नाही. नवरदेवाचे वडील पाहुण्यांसमोर वाद नको म्हणून देऊन मोकळे झाले. त्यामुळे आधी ठरवून घ्यायचं: ताटं कशी मोजणार, सुरुवातीला रचलेल्या ताटांची संख्या कोण तपासणार, आपला कोण माणूस तिथे उभा राहणार (माझ्या मते तुझा मामा, तो कोणाच्या बोलण्यात येत नाही). किमान किती ताटांचे पैसे द्यायचेच, त्यावरच्या प्रत्येक ताटाचा दर काय, लहान मुलांचं अर्धं ताट धरणार का, वाजंत्रीवाले, ड्रायव्हर आणि फोटोवाल्यांची जेवणं कोणाच्या हिशेबात. हे सगळं त्याला माहीत असतं. आपण विचारलं नाही तर तो सांगत नाही, एवढंच.

एक खूण मला नेहमी उपयोगी पडली आहे. चांगला माणूस कशाला तरी नाही म्हणतो. आठशे लोकांना तव्यावरची गरम पुरणपोळी बुफेत देऊ, असं कोणी बिनदिक्कत कबूल केलं की मी वही मिटते. ‘ताई, एवढ्या गर्दीत ते जमायचं नाही, पंगत केलीत तर करतो’ असं म्हणणाऱ्याला मी दोन रुपये जास्त देईन.

लॉन बघायला शनिवारी काका येणार आहेतच. पुष्कळ लॉन्स मालक स्वतः चालवत नाहीत, कोणीतरी काही वर्षांसाठी चालवायला घेतलेली असतात. पावती कोणाच्या नावाची आणि त्यांचा करार डिसेंबरनंतर संपतोय की आधीच, हे विचारायला लाजू नका. आगीचं बघा. महाराष्ट्रातल्या कायद्याप्रमाणे अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू असल्याचा ‘बी फॉर्म’ मालकाला दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो, तो दाखवा म्हणायचं. कापडी मांडव, विजेच्या माळा आणि शेजारी भट्टी असताना मला त्याशिवाय झोप लागणार नाही. बाकी भाड्यावर काय काय चढतं त्याची यादी घ्या: वीज, जनरेटरचं डिझेल, साफसफाई, बाहेरचा डेकोरेटर आणला तर रॉयल्टी. स्पीकर रात्री दहाला बंद, हा नियम आहे, त्यात ‘आमची वर ओळख आहे’ चालत नाही. आणि गाणी वाजवायचा परवाना म्हणून वेगळे पैसे मागितले तर थांबा. लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याने सूट दिलेली आहे.

सगळ्यात अवघड माणूस म्हणजे ओळखीचा. काकांच्या मित्राचा मुलगा डेकोरेशन करतो, हे मला माहीत आहे, आणि काका तो विषय शनिवारी काढतीलच. तो मुलगा कामाचा असेलही. पण त्याच्याकडे पावती मागायची कशी, उशीर झाला तर बोलायचं कसं, ही पंचाईत होते. त्याचंही कोटेशन बाकीच्यांसारखंच लेखी घेऊ. तो तयार असेल तर काम त्याला, आणि काकांशी मी बोलते, तू बोलू नकोस.

पैसे देताना एवढं बघ की खातं धंद्याच्या नावाचं आहे. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं, ते बिलावरच्या नावाशी जुळलं पाहिजे. ‘बिल नको असेल तर जीएसटी लागणार नाही’ हे वाक्य तू ऐकशीलच. जीएसटी वाचतो खरा, पण मग भांडायला हातात काहीच उरत नाही. ज्यांनी क्रमांक दिलाय त्यांचा जीएसटीच्या साइटवर शोध. महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते, आणि कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख, चालू आहे की रद्द झालाय, सगळं दिसतं. नोंदणी नसली म्हणजे लबाड, असंही नाही. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर ती सक्तीची नसते. पण नोंदणी नाही आणि बिलात जीएसटी लावलाय, हे मात्र होता कामा नये. रोखीचंही तसंच. २०१७ पासून एकाच समारंभासाठी एकाच माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. हळदीला थोडी, लग्नाला थोडी असे तुकडे केले तरी समारंभ एकच धरतात. रोख घेणाऱ्याला दंड होतो, तेव्हा सगळी रक्कम रोखीतच मागणाऱ्या केटररला हे माहीत असतं आणि तरी तो मागतोय, याचा विचार कर.

तू म्हणालीस, एवढं लिहून मागितलं तर त्यांना वाईट वाटेल. अगं, आपण व्याह्यांबरोबर बसून याद्या करतो, कागदाला हळदकुंकू लावून दोन्हीकडच्या सह्या घेतो. ज्यांच्या घरी तू जन्मभर राहणार त्यांच्याशी लेखी करायला आपल्याला संकोच नाही, मग फोटोग्राफरशी कसला? स्टॅम्प पेपरच हवा असं काही नाही. तारीख, वेळ, कोण येणार, काय देणार, कधी देणार, हप्ते, आणि रद्द झालं किंवा पुढे ढकललं तर किती परत, हे लिहिलेला ई-मेल आणि त्याचं ‘मान्य’ असं उत्तर, एवढंही चालतं. शेवटचा मुद्दा विसरू नकोस. २०२० मध्ये पन्नास माणसांतच लग्न करायची परवानगी उरली, तेव्हा आपल्या ओळखीत कित्येकांचे कार्यालयाचे पैसे अडकले, कारण पावतीवर त्याबद्दल एक ओळही नव्हती.

आणि इतकं करूनही कोणी फसवलंच, तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तू राहतेस त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. पावत्या एका फोल्डरमध्ये ठेव, फोनच्या चॅटवर विसंबून राहू नको.

आता त्या फोटोग्राफरला एवढंच कळव: रविवारी सांगते, तोपर्यंत एका लग्नाचे सगळे फोटो, वर्षापूर्वीच्या दोन जोडप्यांचे नंबर त्यांना विचारून, आणि हप्त्यांचं नवं कोटेशन पाठवा. सूट गेली तर जाऊ दे, पंधरा हजार मी देते.

तुझी,
आई

ता. क. कोटेशनचं दुसरं पान तू पाठवलंच नाहीस. अटी सहसा त्याच पानावर असतात. बाबा चष्मा लावून बसलेत, लगेच पाठव.